ग्रामीण रुग्णालयाची कॅज्युअल्टी: वाडीवस्तीवर हमखास विचारले जाणारे प्रश्न

कोकणातल्या एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मी कॅज्युअल्टीची, म्हणजे तातडीच्या विभागाची, ड्युटी करतो आणि महिन्यातून दोनदा वाड्यांवर बैठका घेतो. दोन्हीकडे तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. सगळी उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे माणसं हकनाक दगावतात तिथे जास्त लिहिलंय. हे वाचून घरी डॉक्टरकी करायची नाही. घर ते रुग्णालय हा मधला तास-दीड तास वाया जाऊ नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

रात्री-अपरात्री आलो तर डॉक्टर भेटेल का?

भेटेल. ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं असतं आणि त्याची कॅज्युअल्टी २४ तास चालू असते. रात्री मात्र एक डॉक्टर, एखाद-दोन सिस्टर आणि एक वॉर्डबॉय मामा एवढीच माणसं असतात. डॉक्टर लेबर रूममध्ये अडकला असेल तर पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं. दार लोटलेलं दिसलं तर आवाज द्या, भीड धरू नका. पेशंट गाडीत ठेवून बाहेर कुजबुजत उभे राहिलेले नातेवाईक मी पाहिलेत, ‘साहेब झोपले असतील’ म्हणून!

प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ असेल तर आधी तिथे जायचं की थेट तालुक्याला? सापाचा दंश, जोराचा रक्तस्राव किंवा श्वास लागलेला असेल तर जे जवळ ते गाठा. निघतानाच एकाने तिथे फोन करावा. हातपाय मोडला असेल तर तालुक्याला आलात तरी चालेल.

१०८ ला फोन केला की नुसते प्रश्नच विचारत बसतात. गाडी कधी निघते?

तुम्ही बोलत असता तेव्हाच पलीकडे जवळची गाडी शोधली जात असते. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. गाडीत डॉक्टर असतो आणि एक पैसा द्यावा लागत नाही. फोन उचलणारा माणूस पुण्यात बसलेला असतो, त्याला तुमची ‘खालची वाडी’ ठाऊक नसते. म्हणून क्रम लक्षात ठेवा: जिल्हा, तालुका, मोठं गाव, मग वाडी, मग खूण. शाळा, साकव, मोबाइलचा टॉवर, काहीही. आणि एका पोराला बॅटरी देऊन फाट्यावर उभं करा. गाडी तालुक्याहून फाट्यापर्यंत वीस मिनिटांत येते आणि फाट्यापासून घर शोधण्यात तेवढाच वेळ घालवते, हे आमचं रोजचं दुखणं आहे.

गावात जीप किंवा रिक्षा तयार असेल तर १०८ ची वाट बघत अंगणात बसू नका. निघा, १०८ च्या ड्रायव्हरशी फोनवर बोला आणि वाटेत जिथे गाठ पडेल तिथे पेशंट बदला. रस्ताच नसलेल्या वाडीवर डोलीला पर्याय नाही, हे मान्य. मग डोली उचलण्याआधी फोन करा, खाली उतरल्यावर नको. बाळंतिणीसाठी आणि तान्ह्या बाळासाठी १०२ ची वेगळी मोफत गाडी आहे. तिचा नंबर आशाताईंकडे असतोच.

आम्ही तासभर आधी येऊन बसलोय, नंतर आलेल्याला आधी का घेतलं?

ही बँकेची रांग नाही. ज्याचा जीव आधी जाईल त्याला आधी बघायचं, हा जगभरातल्या कॅज्युअल्टीचा नियम. मोठ्या रुग्णालयांत लाल, पिवळी, हिरवी पट्टी बांधतात. आमच्याकडे सिस्टर नजरेनेच ठरवते. एक गंमत सांगतो: जो मोठ्याने ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, तो शुद्धीत आहे. आम्हाला भीती वाटते ती बाकावर गप्प पडून घामाने भिजलेल्या माणसाची. तुमच्या शेजारी असा कोणी दिसला तर आम्हाला हाक मारा. तुमचा नंबर मागे गेला तरी.

पान लागलं, म्हणजे साप चावला, तर पहिलं काय करायचं?

पेशंटला आडवा करा, धीर द्या, चालू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय हाडाला मार लागल्यावर जसा फळीला बांधतो तसा सैलसर बांधा, म्हणजे हलणार नाही. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण, मनगटातला दोरा लगेच काढा. सूज चढल्यावर ते निघत नाहीत. गेल्या भातकापणीत एका बाईच्या मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या रुतल्या होत्या. नवऱ्याचं औक्ष कमी होईल म्हणून घरात कोणी काढायला धजावलं नाही. आमच्या रुग्णालयातल्या मावशीने मनगटावर ओलं फडकं धरून एकेक बांगडी चिमट्याने चिरली, तेव्हा नवराच शेजारी उभा राहून ‘फोडा, फोडा’ म्हणत होता.

काय करायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. आवळपट्टी बांधायची नाही: रक्त अडून हातपाय काळा पडतो आणि विष थांबायचं ते थांबत नाहीच. आधीच कोणी बांधली असेल तर घरी झटक्यात सोडू नका, आमच्यासमोर सोडू. ब्लेडने चिरायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, कोंबडीचं गुदद्वार लावायचं नाही, बर्फ नाही, दारू नाही.

साप मारून आणू का?

नको. मारायला गेलेला दुसरा माणूस चावून घेऊन येतो आणि मग आम्हाला दोन खाटा लागतात. लांबून फोटो मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी अडत नाही. आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. चौघांवर इंजेक्शन एकच. कोणी दंश केला ते आम्ही अंगावरच्या लक्षणांवरून ओळखतो. घोणस आणि फुरसं रक्त पातळ करतात: हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त, दंशाची जागा टम्म. नाग आणि मण्यार नसांवर जातात: पापण्या जड होतात, बोबडी वळते, मग श्वास.

यातली मण्यार सगळ्यांत दगाबाज. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे मूल पोटात दुखतं म्हणून रडतं, आई ओवा देते. उजाडेपर्यंत पापण्या मिटायला लागतात आणि घरचे म्हणतात, रात्रभर झोप नाही म्हणून पेंगतंय. पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेल्या कोणाचंही पहाटे पोट किंवा घसा दुखायला लागलं आणि डोळे उघडे ठेवता येईनात, तर साप दिसला नसला तरी तो दंशच धरून निघा. यावर उपाय साधा आहे: खाट, आणि अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी. डासांसाठी आणलेली मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते.

इंजेक्शन लगेच का टोचत नाही? नुसती रक्ताची नळी घेऊन बसता!

ती नळी म्हणजे आमची सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत भरवशाची तपासणी. दोन मिलिलिटर रक्त काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत घ्यायचं आणि २० मिनिटं हात न लावता टेबलावर उभं ठेवायचं. मग नळी हळूच कलती करायची. रक्ताचं दही लागलं असेल तर ते तळाशी धरून राहतं. पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात भिनलंय. नळी प्लास्टिकची चालत नाही. हलवून बघायची नाही. एकदा एका काकांनी काळजीपोटी ती उचलून दिव्यासमोर धरली आणि आम्हाला पुन्हा सुई टोचून नव्याने २० मिनिटं मोजावी लागली.

प्रत्येक दंशात विष उतरतंच असं नाही, आणि हे औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्याची रिॲक्शन येऊ शकते. लक्षण नसताना ते देणं म्हणजे पेशंटला उगाच धोक्यात घालणं. मात्र लक्षण दिसलं की साधारण ८ ते १० कुप्या सुरुवातीलाच जातात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. आणि काही झालं नाही तरी २४ तास ठेवून घेतो. ‘बरं वाटतंय, घरी जातो’ म्हणून सही करून जाऊ नका.

आमचा भगत आजवर कितीतरी जणांना बरं करून बसलाय. त्याचं काय?

त्याने बरे केलेले बरेचसे लोक बिनविषारी सापाचे होते. धामण चावली, दिवड चावला, किंवा नागाने विष न सोडता नुसता कोरडा दंश केला, तर मंत्र म्हटला काय आणि भजन म्हटलं काय, माणूस बराच होणार. पण भगताला हसण्यात मला रस नाही. तो रात्री दोनला उठतो, पाच मिनिटांच्या अंतरावर राहतो, केस पेपर मागत नाही आणि घाबरलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवतो. यातलं आम्ही किती करतो? लोक त्याच्याकडे जातात ते अडाणी आहेत म्हणून नव्हे, तो हाताशी आहे म्हणून.

म्हणून आम्ही आमच्या भागातल्या चार भगतांना चहाला बोलावलं. त्यांना एवढंच सांगितलं: अंगारा लावा, मंत्र म्हणा, पण गाडीत बसून म्हणा. त्यातले दोघे आता पेशंट घेऊन स्वतः येतात. एक तर बाहेर बाकावर बसून मंत्र पुरा करतो आणि मगच घरी जातो. बाकीचे दोघे अजून आमच्याकडे बघत नाहीत.

इंगळी, म्हणजे विंचू, डसली, नुसती कळ येतेय. इंजेक्शन घ्यायला एवढ्या लांब यावं का?

नुसती कळ असेल, हातपाय ऊबदार असतील तर बहुधा भीती नसते. तरी मुलाला आणाच. लाल विंचू डसल्यावर दरदरून घाम, उलट्या आणि थंडगार हातपाय ही तीन लक्षणं दिसली तर क्षणभर थांबू नका. पुढची पायरी म्हणजे फुप्फुसात पाणी आणि तोंडाला फेस. एके काळी अशा गंभीर पेशंटपैकी ४० टक्क्यांच्या आसपास दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध यावर चालतं हे दाखवून दिलं आणि मृत्यूचं प्रमाण एखाद्या टक्क्यावर आलं. तालुक्याच्या गावात, पेशंटच्या उशाशी रात्री जागून झालेलं हे संशोधन आज देशोदेशीचे डॉक्टर वाचतात. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोळी घरी ठेवून आपल्या मनाने देऊ नका, ती रक्तदाब एकदम पाडते.

कुत्रं आपल्याच आळीतलं आहे, तरी इंजेक्शन घ्यायचं?

घ्यायचं. आधी नळाखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण आपली १५ मिनिटं दोन मिनिटांत संपतात. हळद, चुना, तिखट, काही लावू नका. पोटात १४ सुया हा जुना काळ गेला. आता दंडावर कातडीत बारीक सुया, त्याही ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं औषध भरावं लागतं, त्याची पहिल्याच दिवशी आठवण करा. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा, पण सुई त्यासाठी थांबवू नका. रेबीज एकदा उमटला की आमच्या हातात काहीच उरत नाही.

फवारणी करताना चक्कर आली, लिंबूपाणी पाजलं, तरी बरं वाटत नाही.

कपडे उतरवा, साबणाने अंघोळ घाला, केस आणि नखंही धुवा. औषध कातडीतून आत जात राहतं, म्हणून त्याच ओल्या सदऱ्यात पेशंटला गाडीत घालून आणणं म्हणजे वाटभर विष पाजत आणणं. २०१७ साली यवतमाळमध्ये कापसावर फवारणी करणारे शेतकरी आणि मजूर असेच गेले, विष न पिता. तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, छातीत घरघर ही लक्षणं. औषधाची बाटली किंवा तिचा लेबल असलेला खोका सोबत आणा. नावावरून उतारा ठरतो.

कोणी रागाच्या किंवा दुःखाच्या भरात काही प्यालं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. ते फुप्फुसात जातं. आणि ‘चुकून प्यालं’ असं खोटं सांगण्यात वेळ घालवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला गुन्हेगार म्हणून बघायचं नाही. बरा झाल्यावर त्याला घरात टोमणे मारू नका. बोलायला कोणी हवं असेल तर १४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, फुकट, रात्रीसुद्धा.

छातीत जळजळतं, गॅसच असणार ना?

असेलही. पण चाळिशीनंतर छातीत आवळल्यासारखं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम आणि जीव घाबरणं असेल तर गॅस आहे की हार्ट अटॅक ते ईसीजीने ठरवू. पट्टी काढायला पाच मिनिटं लागतात. मधुमेह्यांना आणि बायकांना कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो किंवा उलटी होते. सोडा पिऊन सकाळची वाट बघणाऱ्यांची सकाळ फार वेळा उगवत नाही. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा गुण जेवढं लवकर द्याल तेवढा. स्वतः मोटारसायकल चालवत येऊ नका.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला. लकव्याचं औषध देणारा आहे शेजारच्या गावात.

त्याच्याकडे नंतर जा, महिनाभराने. पहिले साडेचार तास आमचे. आमचेही नव्हेत, खरं तर सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयाचे. म्हणून १०८ वाल्याला ‘लकवा’ हा शब्द सांगा आणि सुरुवात किती वाजता झाली ती वेळ कागदावर लिहा. तोंडातून पाणीही देऊ नका.

फिट आली की चप्पल हुंगवतात, ते बरोबर?

नाही. कांदाही नाही, तोंडात चमचाही नाही. कुशीवर वळवा, गळ्याचं बटण सोडा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी.

जुलाब झालेत, सलाईन लावा ना. तुम्ही पावडरच देता!

सलाईनच्या बाटलीत मुख्यतः पाणी आणि मीठ असतं. तोंडाने पिता येत असेल तर ओआरएस तेच काम करतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मुलाला झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब थांबले तरी. मात्र मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, पीतच नसेल, तर तुम्ही सांगायच्या आधी आम्हीच सलाईन लावतो. बाटली लटकलेली दिसली की उपचार झाले असं वाटतं, हे मला कळतं. ती सवय आम्हा डॉक्टरांनीच लावली.

रस्त्यावर अपघात दिसला, पण पोलिसांचं लफडं नको म्हणून कोणी थांबत नाही.

थांबा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि चांगुलपणाने मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार होण्याची सक्ती नाही. पोलिसांना कळवायचं काम आमचं, आणि कागद होईपर्यंत उपचार थांबत नाहीत. जीव आधी, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगून ठेवलंय.

पैसे किती लागतील?

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पुढे खासगीत जावं लागलं तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत असू द्या, नसलं तर नंतर आणा. आणि केस पेपर जपा. शेतकरी अपघात योजनेत सर्पदंश बसतो, पण कागद नसेल तर घरच्यांना पुढे हेलपाटे पडतात.

दोन तास ठेवून घेतलं आणि सिव्हिलला पाठवलं. मग इथे आलोच कशाला?

तक्रार रास्त वाटते, पण त्या दोन तासांत रक्त थांबवलेलं असतं, विषावरचा उतारा चालू केलेला असतो, बाळंतिणीचा रक्तदाब खाली आणलेला असतो. आमच्याकडे व्हेंटिलेटर नाही, भूलतज्ज्ञ रोज नसतो, रक्तपेढी तर जिल्ह्यालाच. हे लपवण्यासारखं नाही आणि भूषणावहही नाही. पाठवताना तीन गोष्टी आमच्याकडून मागून घ्या: काय दिलं आणि किती वाजता दिलं याची चिठ्ठी, पुढच्या डॉक्टरला फोन झाल्याची खात्री, आणि गाडीत ऑक्सिजन आहे ना ते. विचारलं म्हणून कोणी रागावत नाही. रागावलं तरी विचारा.

आमच्या वाडीवर शिकवायला याल का?

येतो. भाषण देत नाही. पूर्वी द्यायचो, तक्ते घेऊन. लोक ऐकायचे, टाळ्या वाजवायचे आणि पुढच्या दंशाला आवळपट्टी बांधूनच यायचे. आता चाळीस मिनिटांत प्रत्येकाकडून हाताने करून घेतो. एकाला ‘चावतं’, दुसरा फळी बांधतो, तिसरा खरोखर १०८ वर बोलतो तसा पत्ता मोठ्याने सांगतो. बाकीच्यांनी डोळे मिटून त्या पत्त्यावरून घर सापडतं का ते सांगायचं. बहुतेक वेळा सापडत नाही, आणि मग जो वाद रंगतो त्यातून वाडीची खूण पक्की होते. एका वाडीने भांडून शेवटी ‘पिंपळाखालची टाकी’ ठरवली आणि टाकीवर चुन्याने नावही लिहिलं.

छाती दाबायला उशीवर शिकवतो. दोन्ही हात एकावर एक, कोपरं ताठ, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती दोन इंच खाली जाईल इतकं. सहावी-सातवीची पोरं हे मोठ्यांपेक्षा चटकन उचलतात. बायकांची बैठक दुपारी तीननंतर ठेवा, लावणीच्या दिवसांत नको. आशाताईंमार्फत आठवडाभर आधी निरोप द्या आणि घरातली एक जुनी, कडक झालेली उशी आणा. फोमची दबते, अंदाज येत नाही.